पाटीवरचं पहिलं नाव

खिंड ओलांडताना मेलिसने गाडी दोनदा थांबवली,
एकदा मेंढ्यांसाठी,
एकदा इंजिनाला पाणी पाजायला.
आम्ही सात गावांचे सात प्रमुख,
मांडीवर सारख्याच निळ्या वह्या, जिल्ह्याने दिलेल्या.
झुमाकादिर म्हणाला, पंधरा वर्षं गाव चालवतोय,
मला कोण काय शिकवणार,
आणि नमद्याची उंच टोपी डोळ्यांवर ओढून
घोरायला लागला.

तेरेक-बुलाकच्या वेशीवर पाव आणि लोणी,
शाळेतल्या पोरींनी घोकलेलं स्वागत,
आणि पंप.
रंग ओलाच होता. नुरदोलोतची बाही निळी झाली.
गावप्रमुख साबिरबेक बोलत राहिला :
पाइप किती लांब, मीटर किती घरांना,
गळती किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर.
सगळे लिहीत होते.
खरं सांगते, मी वहीत नुसते पॉपलर काढत होते.
आमच्याकडेही पंप आहे. तोही निळाच.
तीन वर्षं मुका उभा आहे,
विजेचं बिल कोणी भरायचं
यावर अजून बैठका चालू आहेत.

मग हात धुवायचं निमित्त काढून
मी मागच्या अंगाला गेले.
या भिंतीपर्यंत रंग पोचला नव्हता.
शाळेने टाकून दिलेला एक फळा, कोपरा उडालेला,
त्याखाली बादलीवर बसून
एक बाई बटाटे सोलत होती.
गळ्यात दोरी, दोरीला पंपाची चावी.
फळ्यावर खडूने नावं. पुढे आकडे.
पहिलंच नाव : साबिरबेक. चारशे वीस सोम.

हा तोच का, मी विचारलं.
तोच, उमसुनाय एजे म्हणाली. माझा धाकटा दीर.
भांडला नाही?
भांडला ना. दोन महिने आमच्या अंगणात पाऊल नाही टाकलं.
घोडासुद्धा तोंड वळवून जायचा.
(सालीचा लांब वेटोळा बादलीत पडला.)
मग एका सकाळी आला, पैसे ठेवले, चहा प्यायला.
आणि हे आजचं?
हे या महिन्याचं.
काल रात्री म्हणाला, वहिनी, पाहुणे यायचेत, तेवढं पुसून टाक.
मी म्हटलं, पैसे टाक, पुसते.
नाही टाकले.
म्हणून पुढच्या बाजूला रंग दिलाय.

ती हसली नाही. मीही नाही.
एवढ्यात मागून झुमाकादिर आला, मला शोधत,
फळ्यासमोर थांबला,
ओठ हलवत वरून खालपर्यंत वाचला.
टोपी काढून बगलेत धरली.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल.
त्याने विचारलं,
पावसात खडू टिकतो?
वर पत्रा ठोकलाय, एजे म्हणाली.
त्याने वही उघडली
आणि पत्र्याचं माप लिहून घेतलं.
त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

परतताना खिंडीत अंधार पडला.
कोणी फारसं बोललं नाही.
मी मनात हिशेब करत होते,
तीन वर्षांचे महिने, घरातली माणसं, दोन गाई,
आणि प्रत्येक वेळी बेरीज
माझ्याच दारात येऊन थांबत होती.

गुरुवारी शाळेतून जुना फळा मागून आणला.
नवऱ्याने खिळे ठोकले, न विचारता.
पहिलं नाव माझं. ते सोपं गेलं,
इतकं सोपं की स्वतःचाच संशय आला.
दुसरं नाव त्याच्या थोरल्या मामाचं,
ज्यांनी आमच्या लग्नात मेंढा दिला होता.
तिथे खडू मोडला.

पानगळीत तेरेक-बुलाकचे लोक आमच्याकडे यायचेत.
उमसुनाय एजेही, म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा खिंड ओलांडणार.
मेलिस विचारतो, त्यांना काय दाखवणार?
पंप अजून बंद आहे.
फळ्यावर दीड नाव आहे.