निवट्यांची तिसरी प्रत

तीन कोटेशनं आली. पाध्येसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
म्हणाले, सगळ्यांत स्वस्त त्यावर खूण करा,
फाइल आजच वर जाऊ दे.
मी म्हटलं, साहेब, ठेवायला स्वस्त आहे,
परत मागायला किती पडतं तेही बघा.
खाली आहे, बारीक अक्षरांत.
नणंदेकडे ठेवलेल्या दागिन्यांसारखं:
ठेवताना कुणी काही बोलत नाही.

अकरा वर्षांचा चिखल आहे आमच्याकडे,
माहुलच्या खाडीतला, ओहोटीला उकरलेला.
क्षार, पारा, शिसं,
आणि निवटे, डोळे डोक्यावर घेऊन चिखलात सरपटणारे,
दर पुनवेला-अवसेला किती दिसले, किती बोटं लांब.
होडी हिराजीची. मोजणारे बदलत गेले.
दोन हजार सोळाचा मे कोरा आहे:
हिराजीच्या मुलीचं लग्न होतं,
आणि दुसरं कुणी आम्हाला त्या चिखलात नेईना.
कोरं म्हणजे शून्य नव्हे,
हे मी दर जुलैत नव्या मुलांना सांगते.

एक प्रत कालिन्याला तळमजल्यावर,
ज्याचा पंखा खोकतो त्या संगणकात.
दुसरी गोदरेजच्या कपाटात, चिवड्याच्या डब्यात,
सिलिका जेलच्या पुड्यांच्या कुशीत.
तिसरी रेहाना मुकादमच्या खात्यात होती.
विद्यार्थ्यांना तेव्हा जागा फुकट मिळायची,
पोरीने रात्री जागून सगळं चढवलं.
मग तिची पीएचडी झाली, ती लाइपझिगला गेली,
विद्यापीठाने तिचा ईमेल बंद केला
आणि खात्याबरोबर आमचे निवटेही गेले,
अगदी नियमानुसार,
तीस दिवसांची पूर्वसूचना देऊन,
तिच्या बंद झालेल्या ईमेलवर.

कंपनीचा मुलगा आला. शर्टाला अजून घडीच्या रेषा.
डेटा कुठे असतो रे?
क्लाउडवर, मॅडम.
म्हणजे कुठे? पिनकोड सांग.
हसला. मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला.
महापे, मॅडम.
आणि दुसरी प्रत?
ती पण एकदम सेफ. ऐरोली.
अरे, म्हणजे खाडीच्या पलीकडे!
दोन्ही एकाच काठाला, एकाच भरतीच्या तोंडी.
बाळा, हा चिखल त्याच पाण्यातला आहे,
त्याची आठवण तरी परगावी राहू दे.
हैदराबाद आहे, तो म्हणाला, पण जास्त पडेल.
पाध्येसाहेबांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

अनुदान मार्चपर्यंत. त्यानंतर बिल कोण भरणार,
या रकान्यात कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय: लागू नाही.

मी म्हटलं, सही करते, पण आधी
एक फाइल परत आणून दाखव.
चढवलेली नको दाखवूस, ती सगळेच दाखवतात.
ऑगस्ट एकोणीस आण.
चार मिनिटांत आली.
क्षार जिथल्या तिथे, पारा जिथल्या तिथे, निवटे सत्तावीस.
फक्त शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे हिराजी सांगेल ते आम्ही मराठीत टिपतो,
नुसती प्रश्नचिन्हं. ओळीने. चाळीस-पन्नास.

मुलगा म्हणाला, फॉन्टचा इश्यू आहे, आकडे तर आलेत ना?
मी काही बोलले नाही. कपाटातून वही काढली,
पाण्याचे डाग पडलेली, कडा कुरतडलेली.
त्या दिवशी हिराजी म्हणाला होता:
पाण्याला रॉकेलचा वास. निवटे बिळात जात नाहीत,
वरच बसून राहिलेत, कुणाची वाट बघितल्यासारखे.
हे कुठल्या एककात मोजायचं, साहेब?

शेवटी हैदराबाद धरलं. खातं माणसाच्या नावावर नाही, पदाच्या.
दर सहा महिन्यांनी एक फाइल मागवून बघायची,
शेऱ्यासकट, मोठ्याने वाचून.
पाध्येसाहेबांनी सही केली, म्हणाले,
तुम्ही रिटायर झाल्यावर हे कोण करणार?
मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बेल वाजवून चहा मागवला.

चिवड्याचा डबा मी हलवलेला नाही.

संध्याकाळी हिराजीचा फोन:
बाय, अवस शनवारी हाय. येताव ना?
मी नवी फाइल उघडली, नावात आधी वर्ष,
मग महिना, मग दिवस.
शेऱ्याचा रकाना जरा रुंद केला.