नार्वे ते दिवाडी, चार प्रश्न

या काठावरून त्या काठाला पाच मिनिटं लागतात,
ओहोटी असली तर सहा.
तेवढ्यात चार प्रश्न होतात.
पाचवा मी फळका सोडताना पाठ करतो
साखळीच्या खडखडाटात,
म्हणून पाचव्याचं उत्तर मला नेहमी ओरडूनच आठवतं.

गाईडला ग्रीस लागलंय.
राज्यप्राणी आणि राज्यपक्षी
एकाच काळ्या अंगठ्याखाली गेलेत.
गवा मी पाहिलाय, वाळपईला, मेहुणीच्या बागायतीत.
बुलबुल फक्त गाईडात.

मागल्या खेपेला विचारलं होतं:
मांडवीचा उगम कुठे?
अठरा वर्षं मी तिच्या पाठीवर डबा खातोय,
भरती मला न बघता कळते,
आणि मी सत्तरीवर टिचकी मारली.
भीमगड. चारच अक्षरं.
घरी सांगितलं, गणित अवघड होतं.

मंगळवारी ऑलिंडा टीचर असतात,
मयेला निघालेल्या, आजारी बहिणीकडे,
पिशवीत गरम उंडे.
स्कूटरींच्या गर्दीत उभ्या राहून
त्या माझी वही बघतात.
"मिस्टर च्यारी, तुजें 'द' खंय गेलें?"
नदीला 'द' लागतं, गावाला लागत नाही.
द मांडवी, पण नुसतं दिवाडी.
का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.
नदी हलत असते, तिला धरून ठेवावं लागतं,
असं मीच ठरवून टाकलं
आणि तेव्हापासून चुकलो नाही.

किती काळ, ते 'फॉर'. केव्हापासून, ते 'सिन्स'.
फॉर अठरा वर्षं. सिन्स दोन हजार सात.
आमच्या कंत्राटात दोन्ही नाहीत.
दर अकरा महिन्यांनी कागद नवा होतो
आणि मी कालच लागलेला असतो.

कर्मणी प्रयोगाला मात्र एक अख्खी रात्र गेली.
उदाहरण माझं मीच घेतलं:
माझ्या बापानं होडी बनवली.
इंग्रजीत उलटवलं तशी होडी पुढे आली
आणि बाप गेला शेवटी, 'बाय'च्या मागे.
टीचर म्हणाल्या, बरोबर.
आणि 'बाय'नंतरचा माणूस गाळला तरी चालतो,
वाक्य पूर्णच राहतं.

होडी बनवली गेली.

मग तीन दिवस मला सगळीकडे तेच दिसत होतं.
पुलासाठी माती तपासली गेली.
धक्क्यावर खुणेचे खांब रोवले गेले.
फेऱ्या टप्प्याटप्प्यानं बंद केल्या जातील.
मी बापाला वाक्यात परत घातला.
गुण तेवढेच.

मर्यादा पंचेचाळीसची. जानेवारीत मला चव्वेचाळीस झाली.
रात्री मुलगी प्रश्न विचारते,
गाईड छातीशी लावून, मला पान दिसू नये अशी.
एखादं मी मुद्दाम चुकायचो,
तिला हसता यावं म्हणून.
हल्ली मुद्दाम कुठलं आणि खरं कुठलं
माझं मलाच सांगता येत नाही.
तिला येतं. ती हसत नाही.

रविवारी परीक्षेला निघालो तो प्रवासी म्हणून.
इस्त्रीचा शर्ट, खिशात ओळखपत्र,
गाईड घरीच ठेवलेलं.
पाच मिनिटं किती लांब असतात ते पहिल्यांदा समजलं.
दिवाडी जवळ आली तसा मी उठून साखळीकडे गेलोच.
धर्मू म्हणाला, "बस रे साहेबा, आज मी आहे."
बसलो.
फळका काठावर आपटला, फार जोरात.
पोरगा नवा आहे.
साखळी शेवटच्या हातभर अंतरात रोखून धरायची असते,
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
सांगणार होतो,
पण मागून हॉर्न वाजायला लागले.