आतली विजार

नवी पेठेत, गड्ड्याच्या आधल्या आठवड्यात,
दुकानदार काउंटरवर थर्मल पसरतो:
राखाडी, मळखाऊ, एल साइज.
नाना माप बघत नाहीत.
तीस वर्षं टॉवेल विणलेली बोटं
ती उलटी करतात, शिवण चाचपतात.
"हे मागावरचं नव्हे. टाक्यांचं.
ताणलं तर जाईल, पण परत येईल."

साडेचारशे म्हटल्यावर खाली ठेवली.
सोलापुरात थंडी म्हणजे आठ दिवसांची पाहुणी,
तिच्यासाठी एवढं?
घरी चादर आहे की.

आहे. पण चादर गुंडाळून
ट्रकचा नंबर लिहिता येत नाही
अक्कलकोट रोडच्या गेटवर, रात्री तीनला.
मी पैसे देऊन टाकले.
"अंगाला बसली तरच ऊब, काका," दुकानदार म्हणाला.
"पोटावर वळ नको," नाना म्हणाले.

सकाळी सायकल भिंतीला टेकवली,
चहात पाव बुडवला.
ऊब लागली असं काही बोलले नाहीत.
"आज शेकोटी केलीच नाही," एवढंच.

मग बऱ्याच वेळाने,
कप विसळता विसळता:
"बायकांच्या मापाची असते का गं?
तुझी आई फरशीवर बसून
विड्या वळते."