मतदान केंद्र क्रमांक एकशे बारा

मतदानाच्या आदल्या दुपारी
दगडूमामानं तिसरीच्या वर्गातला क्रूस झाकला.
वर्तमानपत्राचं अर्धं पान, चार चुका.
नियमच तसा. कुणी काही विचारलं नाही.
बाहेर भुसावळ छेचाळीस अंशांवर.

मी इथला लिपिक. माझ्या कपाटात
शाळेला दोन जन्मतारखा आहेत:
एक चर्चच्या कातडी वहीत,
रेल्वेच्या गोऱ्या गार्डांच्या पोरांसाठी उघडलेली खोली;
दुसरी अनुदानाच्या आदेशावर, जावक क्रमांकासकट.
बिशपसाहेबांचं पत्र वर्षातून एकदा येतं, नाताळला.
शिक्षणाधिकाऱ्यांचं रोज.
पगार सरकारचा, छप्पर मंडळीचं,
गळायला लागलं की कुणाचंच नाही.

रकाना विचारतो, ख्रिस्ती विद्यार्थी किती?
मी लिहितो, दोनशे अठरापैकी नऊ.
बाकी लेवा, कोळी, तडवी, तांड्यावरची,
आणि सगळी एकाच चालीत
आधी प्रतिज्ञा म्हणतात, मग प्रभूची प्रार्थना.
रोजच्या भाकरीची ओळ आली
की निम्म्या माना स्वयंपाकघराकडे वळतात,
तिथं सरकारी खिचडीला फोडणी पडलेली असते.
एलीशिबाबाईंचे डोळे मिटलेले.
त्यांना कळतं.

त्या रात्री यंत्रं तिसरीत, पोलिसाच्या राखणीत.
केंद्राध्यक्ष, जामनेरकडचे कुणी पाचपांडे गुरुजी,
उकाड्यानं हैराण होऊन चर्चच्या बाकाशी आले.
"इथं पडलं तर चालंन का?"
बाईंनी सतरंजी दिली.
"पाय वेदीकडे नको. एवढंच."

जूनमध्ये शाळा उघडली. पान तसंच.
मामा म्हणाला, शिडी मिळू द्या.
विस्तार अधिकारी आले, वर बघितलं,
'भिंती स्वच्छ ठेवाव्यात' असा शेरा मारून
चहा न घेता गेले.

मग रुखसार तडवी उभी राहिली:
"बाई, तो पतंग कोणाचा अडकेल आहे?"

वर्ग हसला. बाईपण हसल्या,
खुर्चीवर चढल्या, पदर खोचून.
तीन चुका निघाल्या, चौथी भिंतीतच राहिली.
पानावर केळीच्या रोपांची जाहिरात होती.
नीट घडी घालून त्यांनी तिचं
रुखसारच्या गणिताला कव्हर घातलं.

संध्याकाळी मी जडवस्तूंची नोंदवही उघडली.
फळा एक, घंटा एक, बाकं सोळा, पैकी मोडकी पाच.
क्रूस कुठंच नाही.
असेल त्यांच्या वहीत.