तुरट

एनिड मॅडिसन कुंपणावरून देते
लाल देठांची जुडी, वर्तमानपत्रात गुंडाळून,
पानं आधीच छाटलेली.
"पानं विषारी," ती सांगते. दरवर्षी सांगते.
मी दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवते.

रुबार्ब.
नवी होते तेव्हा मी रुबाब म्हणायचे,
आणि त्याचा आहेच तसा:
भाजीच्या वाफ्यात वाढतो
आणि पंगत गाठतो फळांची.

ग्रिम्सबीत आज अठ्ठावीस.
लोक उघड्या खांद्यांनी हिंडतायत,
रेडिओवर म्हाताऱ्यांसाठी सूचना,
आणि माझ्यातली भुसावळची मुलगी
हसू दाबत पडदे ओढते.

लिंबं स्पेनची. जाळीत चार.
सालीवर मेण. ते कढत पाण्यानं उतरवायचं,
मग फडक्यानं पुसलं की
लिंबू एकदम खरं वाटायला लागतं.
साल किसायची, पण पांढऱ्यापर्यंत जायचं नाही.
आईनं हे शिकवलं नाही. आमची लिंबं कागदी,
तिथे साल किसायला गेलं तर
बोटच किसून निघालं असतं.

देठं बोटभर चिरली. साखर किती?
एनिडच्या चिठ्ठीत पौंड आणि औंस.
मी मुठीनं घातली, मग चाखून आणखी,
मग पथ्यवाला नवरा घरी नव्हता
म्हणून आणखी एक मूठ.
झाकून ठेवलं.

सकाळी पातेल्यात
देठं मलूल, पांढुरकी,
त्यांचा सगळा रंग रसात उतरलेला.
लाल नव्हे. गुलाबीही नव्हे.
नखाखाली असतो तो.

चहाची गाळणी तुंबली, पंचा फाडला.
हात वेलचीच्या डब्यापर्यंत गेला, परत आला.
मीठ मात्र टाकलं. चिमूटभर.
त्याशिवाय सरबत पाण्यासारखं बावळट लागतं.

काचेचा जग घेऊन कुंपणापाशी गेले.
एनिड खुर्चीत, पाय टबात.
घोट घेते. थांबते.
"गार आहे," म्हणते. "छान गार."
पुढे काही नाही.

मग सांगते, विजेच्या बिलाबद्दल सांगावं तसं:
दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला होता ना,
तेव्हापासून जिभेला काही कळत नाही.
चहा म्हणजे गरम. टोस्ट म्हणजे आवाज.
रुबार्ब लावते, कारण ते उगवतंच.
"तू सांग की, कसं झालंय?"

मी तोंड उघडते.
गोड. हे सांगून झालं. आंबट. हेही झालं.
पण घोट उतरल्यावर गालांना आतून
कुणीतरी जे चिमटीत धरतं,
दातांवर जी खरखरीत साय चढते,
कच्चं केळं, जांभूळ,
चोरून खाल्लेलं सुपारीचं पहिलं खांड,
त्याला हिच्या भाषेतला शब्द मला येत नाही.
पस्तीस वर्षं इथे. मासळीच्या कारखान्यात
अख्खी प्रयोगशाळा सांभाळली,
आणि एका चवीपाशी येऊन अडले.

तुरट, मी म्हणते.
"टूरट," एनिड म्हणते.
त तिला जमत नाही. शेवटचा ट मात्र
असा पडतो, की बी दाताखाली फुटावी.
पुन्हा म्हणते. तोंडात घोळवते.
तिचे ओठ किंचित आत ओढले जातात,
शब्दानं की रसानं, देव जाणे.

"हां," ती म्हणते, कुठेतरी बघत,
गोदीच्या बाजूला, किंवा टबातल्या पायांकडे,
"हां. तसंच होतं ते."

जगात अजून दोन पेले शिल्लक.
काठावर एक गांधीलमाशी फिरतेय,
तिला सगळं कळतंय.

"साखर किती घातलीस?"
मी तिच्या चिठ्ठीतला आकडा सांगते,
पौंड, औंस, न चुकता.
एनिड मान हलवते,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.