डावा, आठ नंबर

ऑर्डरीच्या कागदावर युद्धाचं नाव नसतं.
असतं ते एवढंच : डावा, आठ नंबर, चारशे दहा नग.
उजवा, आठ नंबर, तीनशे पंच्याऐंशी.
उजवा, चार नंबर, बावीस.
रबाळ्याच्या गाळ्यात मी डिस्पॅचला बसतो.
जोड्या मोजायची सवय सुटली आहे,
चपलांच्या दुकानात गेलो तर वाटतं
ही माणसं दोन-दोन का घेतात.

त्या चार नंबरावर बोट थांबलं होतं.
चार म्हणजे बाई, नाहीतर पोरगा.
एजंटला विचारलं असतं तर म्हणाला असता,
साइज कन्फर्म आहे.

पूर्वी आम्ही रबरात गव्हाळ रंग घालायचो,
सावळा घालायचो, एक अगदी काळसरही.
मग पोलंडहून शेडकार्ड आलं.
रंग घोटणाऱ्या सुमती कडूनं ते नखाशी धरलं
आणि म्हणाली, हा तर उकडलेला बटाटा.
तेव्हापासून गाळ्यात तेच चालतं,
बटाटा लॉट एक, बटाटा लॉट दोन.
हसू आठवड्यात आटलं. नाव राहिलं.

दुपारी गेटवर चहा येतो, त्याच्यासोबत युद्ध.
वॉचमन घाडगे, निवृत्त हवालदार :
एकाहत्तरला रशिया आपल्या पाठीशी होता, विसरू नका.
लॅबमधली रेश्मा :
म्हणून शेजाऱ्याच्या घरात घुसायचं का?
कुणी अब्ज मोजतं, कुणी रणगाडे.
मेलेल्यांचा आकडा दोन्हीकडून येतो,
आपला लहान, समोरच्याचा मोठा.
मी बिस्कीट बुडवत राहतो.
माझ्या वहीत फक्त न मेलेले,
तेही गुडघ्याच्या खाली.

नोव्हेंबरात मेल आला : माल थांबवा.
तिकडे कुठल्याशा संसदेत
मदतीचं मतदान पुढे ढकललंय.
सहाशे चाळीस पाय रॅकवर राहिले,
बोटं दाराकडे करून.

त्याच आठवड्यात दुबईहून कुणाचा फोन.
हीच छटा, हेच नंबर, पैसे आगाऊ,
माल कुठं जाणार ते विचारायचं नाही.
शेठनी विचारलं नाही. आम्हाला कळलं.
सुमती म्हणाली, त्यांच्या घरीही तोच शिजत असणार.
घाडगे त्या दिवशी काही बोलला नाही.
रॅकवरच्यांना कुणी हात लावला नाही,
नवे साचे लागले, रात्रपाळी सुरू झाली.
मला ओव्हरटाइम मिळाला,
त्यातून मुलीच्या क्लासची फी भरली.
हेही लिहायला हवं.

हिराजी मढवी टेस्टिंगला आहे.
त्याचा डावा पाय पंच्याण्णव साली
दिघ्याच्या एका प्रेसखाली गेला.
त्याच्यासाठी कुठं मतदान झालं नाही.
वापरतो तो पाय आमच्याच रिजेक्टमधला, टाचेला तडा,
नंबर आठ.
म्हणून प्रत्येक लॉटमधला एक डावा आठ
तो आपल्या नळीला बोल्टनं आवळतो,
पँट वर धरून दहा पावलं चालतो,
साच्यापासून वजनकाट्यापर्यंत,
एकदा टाच आपटतो, म्हणतो, जाऊ दे.
पोलंडचा की दुबईचा, विचारत नाही.
बोल्ट काढतो, पाय फडक्यानं पुसतो, मला देतो.
थोडा वेळ नळीखाली काही नसतं.

कुठल्यातरी दवाखान्याच्या लांब बोळात
कुणीतरी भिंतीला धरून त्यावर उभा राहत असेल.
बाहेर बर्फ असेल किंवा नसेल.
त्याचं पहिलं पाऊल,
पायाचं अकरावं.

जानेवारी संपता संपता मतदान झालं.
ट्रक आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते,
ड्रायव्हर घाई करत होता, न्हावाशेव्याचं गेट गाठायचं होतं.
मी दोनदा मोजले.
सहाशे एकोणचाळीस.
सुमतीनं हिराजीकडे बघितलं.
हिराजी खाली वाकून पँटचा काठ
बुटापर्यंत ओढत होता.

मी लिहिलं : डावा, आठ नंबर, एक नग,
टेस्टिंगमध्ये बाद.