इतिवृत्तात ऊब आहे

नोव्हेंबर. किशिनाउच्या सभागृहात
कोट काढून कोणी बसलं नव्हतं.
ऊर्जामंत्री पेत्रू ग्रोझावू उठले,
घसा खाकरून कागद जरा लांब धरला
(चष्मा बहुतेक गाडीत राहिला होता)
आणि म्हणाले,
"या हिवाळ्यात आमचं सरकार
घराघरात थंडी पोचवेल.
कोणीही वगळलं जाणार नाही."

मी टंकलं. एकवीस वर्षं हेच करते,
कानातून थेट बोटांत; मधे मी नसते.
बोटांनी "थंडी" लिहिलं आणि बोटंच थबकली.
मागच्या बाकावर कोणीतरी
शिंकल्यासारखं हसलं.
मंत्री एव्हाना गॅसच्या दरांकडे वळले होते.

नियम असा, की उघड चूक असेल
तर वक्त्याच्या कचेरीला विचारून सुधारायची.
विचारलं.
"ऊब, मॅडम. अर्थातच ऊब."
तेव्हा इतिवृत्तात ऊब आहे,
पान एकशे चौदा,
खाली सही माझी, आऊरिका तोमुश.

थंडी तोवर बाहेर पडली होती.

संध्याकाळी ट्रॉलीबसमध्ये एक शाळकरी पोरगा
फोन कानाला लावून तेच तेच ऐकत होता,
कोणीही वगळलं जाणार नाही,
वगळलं जाणार नाही,
आणि दर वेळी नव्याने खिदळत होता.
दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचं डोकं
एका जुन्या फ्रिजवर बसलेलं दिसलं.
तिसऱ्या दिवशी ते पोस्टमन झाले,
पाठीवर बर्फाची लादी, दारात उभे: "सही करा, आजी."
चोकानाच्या बाजारात काकड्यांचं लोणचं विकणारी बाई
ओरडायला लागली,
"घ्या! सरकारी थंडीत मुरलेलं!"
आणि एरवीपेक्षा जास्त खपलं, म्हणे.

माझा मुलगा पादोव्हात फरश्या बसवतो.
ऑगस्टपासून त्याचा फोन नव्हता,
भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही सांगता येणार नाही.
रात्री अकराला त्याने मला तो फ्रिज पाठवला.
खाली: "आई, हे तुझ्यासमोर बोलला का तो?"
मी लिहिलं, हो.
"मग, पोचली का तुझ्याकडे?"
उठून रेडिएटरवर हात ठेवला. परत येऊन लिहिलं,
पोचली. वेळेआधी.
मग फोन वाजला.
आम्ही इतकं हसलो, की स्वयंपाकघरात
माझ्या तोंडची वाफ मला दिसत होती.

डिसेंबरात बोलाफुलाला गाठ पडली.
आमच्या नऊ मजली इमारतीत
खालपासून वरपर्यंत नळ गोठले.
विनोदाने कूस बदलली:
आता लोक त्यांना शब्दाचा पक्का माणूस म्हणू लागले.
खोटं कसं म्हणू?
पूल, पेन्शन, निस्त्रूकाठचा दवाखाना,
किती जणांनी दिलेले किती शब्द
याच बोटांनी टिपून ठेवलेत मी.
पाळला तो ह्या एकानेच,
आणि तोही चुकून दिलेला.

जानेवारीत ते माझ्या खोलीत आले. एकटेच.
"एकशे चौदा दाखवता?"
या वेळी चष्मा होता.
बराच वेळ वाचत राहिले, चार ओळी तर होत्या.
"तुम्ही सुधारलंत."
"तुमच्या कचेरीने सांगितलं."
"हं." मग म्हणाले,
"नात मला थंडीआजोबा म्हणते. शाळेत सगळेच म्हणतात."
मला काय बोलावं सुचेना.
"तसंच ठेवता आलं असतं का हो?"

हा राग होता की विनंती,
मला अजून कळलेलं नाही.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
वहीला असतं, मला एवढंच ठाऊक.

जाताना दाराशी थांबून
त्यांनी रेडिएटरवर तळवा टेकवला,
या शहरात सगळेच टेकवतात तसा,
आणि काही न बोलता
हात खिशात घातला.